काकूंचे ‘नाही’

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझी बटणे चकचकीत होती. आता एक दाबले की दोन खाली जातात.

माझी मालकीण संशोधक. आपल्या आणि शेजारच्या देशांतली माणसे दानधर्म किती करतात, दुसऱ्यासाठी फुकट राबतात का, हा तिचा विषय. मला काखेला लावून ती सीमेपलीकडेही हिंडली. परिषदांत मी वाजलो की टाळ्या पडत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

घरी तिचे आजारी वडील, आप्पा, अंथरुणाला खिळलेले. त्यांचे जेवणखाण, औषध, अंग पुसणे, सगळे शेजारच्या काकू बघत. एकदा आप्पांच्या खोलीबाहेर तिने काकूंनाच माझ्यापुढे बसवले.

“काकू, तुम्ही स्वयंसेवा करता का?”

“हॉटेलात पाटी असते तीच ना? आपलं ताट आपण उचलायचं?”

मालकीण हसली. “तसं नाही हो. पैसे न घेता लोकांसाठी केलेलं काम.”

“छे गं. समाजसेवेला वेळ कुठाय मला?”

तिने मान खाली घालून ‘नाही’ लिहिले आणि मला बंद केले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण मला बोलता कुठे येते? मी फक्त ऐकलेले सांगतो.

अहवाल गाजला. ‘सेवाभावात आपण शेजाऱ्यांच्या मागे’ असा मथळा छापून आला. काकूंनी तो वाचला.

“खरंच का गं, आपल्याकडे कुणी कुणाचं करत नाही?”

“आकडे तेच सांगतात, काकू.”

“असेल बाई,” म्हणत काकू आप्पांची चादर बदलू लागल्या.

पुढे आप्पा गेले. काकू लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी माळ्यावर धूळ खात पडलो.

परवा मालकिणीने मला खाली काढले. आप्पांचा आवाज कुठे सापडतो का, ते तिला पाहायचे होते. एकेक टेप लावता लावता काकूंची लागली. “वेळ कुठाय मला?” यानंतर आतून आप्पांचा खोकला आला, आणि लगेच काकू, “आले हं आप्पा, पाणी आणते.” मग खट्‌.

तिने टेप मागे फिरवली. पुन्हा ऐकली. “काकू, चुकलं हो माझं,” ती म्हणाली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हते.

मित्रांनो, धुळीचे मला फारसे दुःख नाही. पण कुणी ‘नाही’ म्हणाले की लगेच बटण दाबू नका, जरा ऐकत राहा. आणि तुमच्या माणसाला ज्यांनी पाणी दिले, त्यांना त्यांच्या देखत तसे सांगा. टेप मी हवी तेवढी मागे फिरवून देईन. काकूंना परत बोलावणे मला जमत नाही.