राजांच्या पाठीआडचा मेंढपाळ

मी मातीचा मेंढपाळ बोलतोय. वीतभर उंच, खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. जालन्यातल्या एका चर्चमध्ये नाताळचा देखावा मांडतात, त्यात मी असतो.

मला आष्टीच्या गोजरबाईने घडवलं. ती पोळ्याला मातीचे बैल विकायची. चर्चचे शांतवन मास्तर एकदा बाजारात आले. त्यांनी तिला येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली आणि सगळ्या मूर्ती करायला सांगितल्या. मरिया, योसेफ, बाळ, तीन राजे तिने भराभर केले. माझ्यापाशी मात्र तिचे हात थांबले. तिचा नवरा कडूबा जन्मभर दुसऱ्याची मेंढरं राखून वारला होता. त्याचा एकही फोटो नव्हता. त्याचं बसकं नाक, आत गेलेले गाल तिने मला दिले.

नाताळला ती एसटीने मला बघायला आली. मी तिला सापडेना. सोनेरी मुकुटांचे राजे गव्हाणीला खेटून होते आणि मी पार मागे, त्यांच्या पाठीआड.

"मास्तर, बाळाला बघाया आधी कोन आल्तं?" तिने विचारलं.

"मेंढपाळ. राजे नंतर आले."

"मंग ह्याला मागं का ठिवलं?"

मास्तर अडखळले. "लोक फोटो काढतात, बाई. राजे उठून दिसतात."

"जित्तेपनी बी त्येला कुनी पुढं बसू देलं न्हाई," ती म्हणाली. "हितं तरी बसंल वाटलं व्हतं."

मास्तरांनी तरीही मला हलवलं नाही. माझ्या गालावरून बोट फिरवून ती निघून गेली.

ते बोलणं मास्तरांना वर्षभर टोचत राहिलं. पुढच्या डिसेंबरात ते तिला आणायला आष्टीला गेले. तिच्याच हाताने मला पुढे ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या नंदाबाईने सांगितलं, "गोजरबाई दिवाळीतच गेली. मालक जालन्याला देवाजवळ हायत, म्हनायची."

मास्तर परत आले, तेव्हा देखावा नेहमीसारखाच मांडून झाला होता. त्यांनी मला उचललं. दुसऱ्या हाताने ते एका राजाला सरकवू लागले. समोर फोटोसाठी रांग लागली होती. "जल्दी करा ना, मास्तर," कुणीतरी म्हणालं. त्यांनी मला होतो तिथेच ठेवलं आणि डोळे पुसत ते बाहेर गेले.

यंदाही मी तिथेच आहे. तुम्ही कधी असा देखावा मांडलात, तर राजांना जागा द्याच. फक्त त्यांना थोडं सरकायला सांगा. गव्हाणीतलं बाळ हसतंय की रडतंय, हे मला मागून कधी दिसलंच नाही.