राहिलेलं नाव

रामहरीनं उंबऱ्याशी वाकून चिमूटभर अक्षत ठेवली आणि घंटी वाजवायची सोडून तो तसाच ओणवा राहिला. सकाळपासून जुळे सोलापुरात त्यानं एकवीस घरं केली होती, पण कुठं रेंगाळला नव्हता. अक्षत ठेवायची, उद्या दुपारी सभा आहे म्हणून सांगायचं आणि पुढच्या दाराकडं वळायचं. समाजात आमंत्रणाची हीच रीत होती. बारसं असो, लग्न असो की सभा, ज्याच्या दारात अक्षत पडली ते घर आपलं. हे दार सतरा वर्षं कोरडं होतं. समाजाचा सचिव म्हणून या दारावरून दरवेळी तोच पुढं जायचा, आणि इथं आलं की त्याची पावलं जरा भरभर पडायची.

दार मुक्ताबाईनंच उघडलं. कोपरापर्यंत हात ज्वारीच्या पिठानं माखलेले. तिनं आधी उंबऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि बाजूला झाली.

पुढच्याच खोलीत कडक भाकरींच्या चळती लावून ठेवल्या होत्या. आतून तीन-चार बायकांच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मुक्ताबाईच्या भाकरी आता चौकातल्या दुकानांत जात, आणि तिथून त्या समाजाच्या पंगतीतही येत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. तिच्या घरचं पाणी चालत नव्हतं, भाकरी मात्र चालत होती. जनाची लाज असते ती अशी, सोयीपुरती.

सतरा वर्षांपूर्वी मुक्ता चोवीस वर्षांची विधवा होती. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिला दिवस गेले. समाज बसला. ज्ञानबा अण्णा तेव्हाही अध्यक्ष होते. त्यांनी पुरुषाचं नाव विचारलं, एकदा नव्हे, तीनदा. मुक्ता खाली मान घालून उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं नाही. मग तिच्या घराशी रोटी, पाणी, बोलणं सगळं बंद झालं. सभेचं टिपण रामहरी लिहीत होता. शाळेच्या ऑफिसात कारकून असल्यामुळं अक्षर चांगलं, म्हणून ते काम त्याच्याकडं. त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, 'नाव सांगण्यास नकार.' ते नाव त्याचंच होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. इथं तर चोरच फाशीचा हुकूम लिहून घेत होता. पण रामहरी स्वतःला चोर म्हणत नसे. तिनं एकदा जरी आपल्याकडं पाहिलं असतं तरी आपण उठलो असतो, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. तिनं पाहिलं नाही. म्हणजे तिलाच ते नको होतं, तिनंच आपल्याला सांभाळलं. या समजुतीवर त्यानं संसार केला, दोन पोरं वाढवली, सचिवाचा मान घेतला. 

पिशवीतून त्यानं कागद काढला. कलेक्टर कचेरीतून समाजाला पत्र आलं होतं, कुणाला वाळीत टाकलं आहे का, आठ दिवसांत कळवा. आता त्याविरुद्ध कायदा होता, शिक्षा होती. अण्णांची झोप उडाली. त्यांनी घाईघाईनं तोडगा काढला. मुक्ताबाईनं या कागदावर सही करायची, उद्या सभेला यायचं, सगळ्यांबरोबर पान घेऊन जेवायचं. मग झालं गेलं सगळं मिटलं. तिच्या पोरीला, उत्कर्षाला, समाजात स्थळंही येतील, हेही सांगायला अण्णा विसरले नव्हते.

मुक्ताबाईनं हात पुसले, पण कागद घेतला नाही. वाचून दाखवा म्हणाली. रामहरीनं वाचलं, की माझ्यावर समाजानं कधीही कसलाही बहिष्कार घातलेला नव्हता व नाही, मी हे राजीखुशीनं लिहून देत आहे.

तिनं ऐकून घेतलं. आतल्या बायकांचं थापणं थांबलं होतं.

"मग सतरा वर्षं मी हुते कुटं?" तिनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच रामहरीला जास्त भीती वाटली. तो कायद्याचं सांगू लागला, अण्णांच्या वयाचं सांगू लागला. पोरीसाठी तरी सही करा, असंही म्हणाला. बोलता बोलता त्याला कळलं की ही सही अण्णांपेक्षा आपल्यालाच जास्त हवी आहे. काही घडलंच नव्हतं असं एकदा तिच्या हातानं लिहून मिळालं, की सुटलो.

तेवढ्यात उत्कर्षा पाणी घेऊन आली. सोळा वर्षांची, उंच, शिडशिडीत पोर. बारावीला होती. तिनं तांब्याभांडं पुढं केलं आणि तो पितो की नाही ते बघत उभी राहिली. रामहरी पाणी प्यायला. भांडं परत घेऊन ती काही न बोलता आत गेली.

"हिला म्हाईत हाय?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"तिनं इचारलं हुतं. म्या म्हनलं, ज्यानं सांगायचं त्यो सांगंल."

 इतकी वर्षं जे मनात घोकलं होतं ते त्यानं अखेर बोलून टाकलं. म्हणाला, तुमचे उपकार लई झाले, त्या दिवशी तुमी माझं नाव घेतलं न्हाय.

 मुक्ताबाईला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"उपकार कसले? ते नाव माझं न्हवतं की सांगायला. अण्णांनी तीन डाव इचारलं, तीन डाव मी गप ऱ्हायले. मला वाटलं, तुमी उठताय."

मग ती पुन्हा पिठाकडं वळली. सही करणार नाही, सभेलाही येणार नाही, असं तिनं जाता जाता सांगितलं. भाकरी हव्या असतील तर दुकानातून न्या म्हणाली, कालच माल पाठवला आहे. त्यात टोमणा होता की नुसती माहिती, हे रामहरीला कळलं नाही. तो स्कूटरपाशी आला आणि किती तरी वेळ किल्लीच लावेना.

दुसऱ्या दिवशी समाजाचा हॉल भरला होता. सतरंजीवर पुढं पुरुष, मागं बायका. अण्णांनी पहिलाच प्रश्न केला, सही झाली का. रामहरीनं नाही म्हणून सांगितलं. थोडी कुजबुज झाली. अण्णा खाकरले, म्हणाले, हरकत नाही, तिची सही नसली तरी आपला जबाब आपण देऊ. आमच्यात कुणीही वाळीत नाही, कधी नव्हतं. कोण बघायला येतंय.

"घ्या लिहून, सचिव."

रामहरीनं पेनला टोपण लावलं आणि कोरा कागद अण्णांच्या पुढ्यात ठेवला. तो उठला. ज्याचा निवाडा समाजानं करायचा असतो त्यानं सतरंजीवर बसायचं नाही, ही जुनी रीत. हॉल नवा झाला, पंखे आले, तरी ती सुटली नव्हती. रामहरी माणसांतून वाट काढत सतरंजीच्या कडेपर्यंत गेला, पलीकडं फरशीवर उतरला आणि मांडी घालून बसला.

कुणीतरी हसलं. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आरं, तितं का बसलास? वर ये की."

"न्हाय अण्णा."  रामहरी म्हणाला. "सतरा वर्षांमागं तुमी तीन डाव एक नाव इचारलं हुतं. ते लिवायचं ऱ्हायलंय."

अण्णांना उमजेना. ते शेजारच्याला विचारू लागले. मागं बायकांत मात्र रामहरीची बायको ताडकन उभी राहिली होती.