कोरड्या तांदळाची साक्ष

"थुंक!" तांदूळबाबा गरजला.

वर्षालीने तोंड उघडले. पिंपळाच्या पानावर मूठभर तांदूळ पडले, अगदी कोरडे. फाटलेल्या ओठाचे रक्त तेवढे दोन-चार दाण्यांना लागले होते. तिच्याआधी सहा जणांनी हेच तांदूळ चावले होते आणि सहाही पानांवर ओला लगदा पडला होता. निघोज्यातल्या मारुतरावांच्या कारखान्याच्या शेडमध्ये जमलेल्या शंभर माणसांनी श्वास रोखला.

"पाप्याच्या तोंडातली गंगा देव आटवतो, माउली!" असे म्हणत बाबाने साखळी उचलली.

चार दिवसांपूर्वी याच शेडमधल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली मारुतरावांच्या मुलाची, कुलदीपची, तीन बोटे गेली होती. शेजारच्या मशीनवर लातूरकडची वर्षाली काम करत होती. तेवढ्यावरून तिने करणी केल्याचे ठरले आणि गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत हा न्याय भरला.

साखळी तिच्या पाठीवर पडली. दुसऱ्या फटक्याला कुर्ता फाटून रक्त आले. तिचा नवरा ज्योतीराम याला चौघांनी जमिनीशी दाबून धरले होते.

"बोटांच्या बदल्यात बोटं! घाला हिचा हात प्रेसमध्ये!" कोणीतरी ओरडले.

प्रेस सुरू झाला. तिला केसांना धरून फरफटत नेले.

गर्दीतून पुढे घुसून मी मेन स्विच पाडला. लगेच एक ठोसा तोंडावर बसला आणि माझा चष्मा फुटला.

"सर, तुमी मधी पडू नगा," मारुतराव म्हणाले. तंत्रनिकेतनात ते माझे विद्यार्थी होते. "पोराचा हात गेलाय माज्या."

"मारुतराव, मोजायचं गेज बरोबर आहे का हे न तपासता तयार जॉब रिजेक्ट करायला मी तुम्हाला शिकवलं होतं का?"

मी बाबाकडे वळलो.

"त्या सहा जणांना आधी तीर्थ दिलं. हिला का नाही दिलं?"

"पापिणीला तीर्थ वर्ज्य!" बाबा म्हणाला.

मी तीर्थाचा तांब्या उचलून मारुतरावांच्या आई कौशल्याबाईंच्या हातावर थोडे तीर्थ घातले. त्यांनी चाखले आणि डोळे गच्च मिटले.

"आगं बया, लिंबू पिळलंय की ह्यात! तोंडाला पानी सुटलं."

मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या ग्रंथी असतात. त्यांतल्या पेशी रक्तातून पाणी ओढून लाळ तयार करतात. आंबट जिभेला लागलं की मज्जातंतू हुकूम देतात आणि ग्रंथी पाझरतात. जीव धोक्यात असला की मेंदू तो हुकूम आवरता घेतो, तोंड कोरडं पडतं. तुम्ही सहा जणांना लिंबू दिलंत आणि हिला मार. आता बाबांनी हेच तांदूळ तीर्थाशिवाय चावावेत."

"मला आज उपवास आहे!"

"मघाशी दोन प्लेट मिसळ कुनी हाणली मग, महाराज?" मागून आवाज आला. माणसे हसली, पण मारुतराव हसले नाहीत. त्यांनी साखळी हिसकावली आणि बाबाच्या तोंडात तांदूळ कोंबले. बाबा चावू लागला. त्याची नजर साखळीवरून हलेना.

पानावर तांदूळ पडले. कोरडे.

"ह्योच पापी! हाणा!" गर्दी ओरडली.

मारुतरावांच्या पहिल्या फटक्यात बाबाची भुवई फुटली. दुसरा फटका मी मधे गेल्यामुळे माझ्या खांद्यावर बसला. आत काहीतरी मोडल्याचे मला स्पष्ट ऐकू आले.

"थांबा! हा लबाड आहे हे तांब्यानं सिद्ध झालं, ते पोलिसांना दाखवू. तांदळांनी काहीच सिद्ध केलेलं नाही. तो घाबरलाय, एवढंच ते सांगतात. तिचे तांदूळही तेवढंच सांगत होते!"

मग मी मारुतरावांना कुलदीपच्या प्रेसपाशी नेले. हा प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय चालू नये अशी रचना असते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. त्यातले एक बटण टेपने कायमचे दाबून ठेवलेले होते.

"ही टेप कोणी लावली?"

मारुतरावांच्या हातातली साखळी खाली पडली. "म्या," ते पुटपुटले. "एका हातानं काम भराभर उरकतं म्हनून."

ज्योतीरामला धरणारे हात सुटले. वर्षाली भिंतीला टेकून बसली होती.

"पाणी द्या जरा," ती म्हणाली. तिचे तोंड अजून कोरडेच होते. कौशल्याबाईंनी तांब्यातले तीर्थ ओतून दिले, तो विसळला आणि नळाचे पाणी भरून आणले.

वाचकहो, घाबरलेल्या माणसाचे शरीर फक्त भीतीची साक्ष देते, गुन्ह्याची नाही. पुढच्या अपघातात करणी शोधण्याआधी बटणावरची टेप पाहा, आणि ती स्वतःच्या हाताने काढा.