मत मांडायची सक्ती
१९८६च्या सप्टेंबरात मेघना अकरावीत गेली, तेव्हा कुवेतमधल्या तिच्या अमेरिकन शाळेतून एक कागद घरी आला. अमेरिकन शासनव्यवस्था या विषयाचे ते नियम होते. निबंध उशिरा दिला तर दहा गुण कापणार, नक्कल केली तर शून्य, आणि प्रत्येकाने वर्गात स्वतःचं मत मांडलंच पाहिजे.

“हे शेवटचं जरा जपून,” सही करताना सुचित्रा म्हणाली.

“आई, त्यालाच तर मार्क्स आहेत!”

कुवेतच्या अमीरांनी संसद जुलैतच बरखास्त केली होती, आणि त्याविरुद्ध बोलणं धोक्याचं होतं. मेघनाने नेमका त्यावर निबंध लिहिला आणि सरांनी तो कौतुकाने वर्गाच्या भिंतीवर लावला. पुढच्या आठवड्यात सर आलेच नाहीत आणि भिंतही रिकामी झाली.

हॉस्पिटलच्या लॅबमधली ड्यूटी आटोपून सुचित्रा थेट मुख्याध्यापकांकडे गेली.

“सर कुठे आहेत?”

“देश सोडून गेले.”

“आणि माझ्या मुलीचा निबंध?”

मुख्याध्यापकांनी उठून दार लावलं. “काल सरकारची दोन माणसं आली होती, तो घेऊन गेली. बाई, तिला लवकर भारतात पाठवा.”

रुमैथिया भागातल्या आपल्या फ्लॅटवर परतताच सुचित्राने सुटकेस काढली. तिचा नवरा रविकांत तिकिटासाठी फोन फिरवत होता, तेवढ्यात बेल वाजली. दारापलीकडून कुणीतरी कागदावरून वाचल्यासारखं, सावकाश विचारलं, “मेघना रविकांत?”

मेघना उठली. सुचित्राने तिला मागे सारलं आणि स्वतः कडी काढली.