बेसिनमध्ये ओतलेलं औषध

हेडसर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी घरात शाळा भरवणं काही सोडलं नव्हतं. विद्यार्थी एकच, बायको. जेवणात मीठ कमी पडलं की पाहुण्यांसमोर तिची हजेरी घ्यायची आणि वर म्हणायचं, "हिच्या डोक्यात भुसा भरलाय." पाहुणे हसायचे. तीही हसायची, नाहीतर मागाहून वेगळं ऐकावं लागे.

या वयात आतड्याचा कॅन्सर एकदा तपासून घ्या, म्हणून मुलगा हात धुऊन मागे लागला. मागून नळी घालून घ्यायला सरांनी साफ नकार दिला. शेवटी पोटात हवा भरून नुसता स्कॅन, यावर तडजोड झाली. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध त्यांनी कसंबसं घेतलं. दुसऱ्या बाटलीतलं पांढरं औषध मात्र एक घोट घेऊन बेसिनमध्ये ओतलं आणि रिकामी बाटली बायकोपुढे नाचवली. म्हणे, तुझ्यासारखी नाटकं नाही केली. ते ओतताना तिने दारातून पाहिलं होतं.

स्कॅननंतर सर हवा सोडायला संडासात गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यावर आतड्याला चिकटलेला गोळा दाखवला. आत मळ राहिलाच तर त्या पांढऱ्या औषधाने तो स्कॅनमध्ये पांढरा दिसतो. हा पांढरा नव्हता, म्हणजे गाठ असावी.

"औषध पूर्ण घेतलं होतं ना? नसेल तर हा नुसता मळही असू शकतो."

खरं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं.

"घेतलं," ती म्हणाली. "ते खोटं बोलत नाहीत."

सर बाहेर आले. गाठ, पुढच्या आठवड्यात नळी, तुकडा काढून तपासणी, एवढंच त्यांच्या कानावर पडलं. मळाची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी पुन्हा काढली नाही. सरांचं अवसानच गळालं. रस्त्यात नेहमी चार पावलं पुढे असणारा माणूस तिचा हात धरून घरी आला. तिला खुर्चीत बसवून, दमलीस का म्हणून विचारलं. मग लहान पोरासारखा रडला.

"फार वाईट वागलो गं तुझ्याशी. सोडून नाही ना जाणार?"

तिच्या एका शब्दाने त्यांच्या जिवाचा घोर मिटला असता. पण तिला बरं वाटत होतं. त्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

"मी आहे ना," ती म्हणाली. "जरा पाणी आणा मला."

सरांनी लगबगीने ग्लास भरून आणला. तिने एक घोट घेतला.

"गार नाही."

सर पुन्हा उठले.