आंबील कुणी विकतं का?

नळदुर्ग ओलांडून हैदराबादकडं निघालं की रस्त्याला लागूनच वीरप्पाचा धाबा आहे. धाब्यापुढच्या लिंबाखाली निकितानं आंबिलीची गाडी लावली, त्याच दिवशी वीरप्पानं तिला बजावलं होतं, "सूनबाई, पाडव्यापतूर जागा तुमची. गिऱ्हाईक जमलं तर बेस. न्हाय तर उसाच्या रसवाल्याला शबूद दिलाय म्या."

निकिताला ही अट रास्त वाटली होती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, लग्नाआधी सोलापुरात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलेली. ज्वारीचं पीठ ताकात किती वेळ आंबलं की चव नेमकी उतरते, ऊन वाढलं की ते किती लवकर होतं, बर्फात ठेवलं की किती काळ थांबतं, हे तिनं थंडीपासून घरी करून करून पाहिलं होतं. आलं, लसूण आणि हिरव्या मिरचीचा अंदाज मात्र सासूचा, द्वारकाबाईंचा. माल चांगला आहे याविषयी दोघींनाही शंका नव्हती.

शंका होती ती गिऱ्हाइकाची. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, इकडची अख्खी गावं रानात जेवायला जातात आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून आंबील पाजतात. त्यामुळं आसपासची माणसं गाडीवरची पाटी वाचून हसत. "आंबील कुणी इकत घेतं व्हय?" परमुलखातले ट्रकवाले माठातलं पांढरं, आंबूस काहीतरी बघत आणि चहाकडं वळत.

पाडवा तोंडावर आला. प्रवासात नेता येईल अशी आंबील द्यावी, म्हणून निकिता झाकणाच्या बाटल्या आणायला सोलापूरला गेली. गाडीवर द्वारकाबाई बसल्या.

"आत्या, भाव पाटीवर लिहिलाय."

"दिसतोय. मला काय डोळं न्हायती?"

दुपारी उन्हातून निकिता परतली, तर माठ पालथा घातलेला आणि द्वारकाबाई पदरानं वारा घेत बसलेल्या, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखं समाधान.

"सगळी संपली बघ!"

निकितानं गल्ल्याचा डबा उघडला. आत सकाळी तिनंच ठेवलेली चिल्लर होती.

"आत्या, पैसे?"

"कशाचं पैसं?"

"आंबिलीचे."

द्वारकाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "पोरी, आंबील रानावर शिंपडायची वस्तू. तान्हेल्या माणसाला हाक मारून पाजायची. त्यो समोर उभा ऱ्हातो, घटाघटा पितो, आन् म्या त्याच्या म्होरं हात पसरू? जीभच उचलली न्हाय बघ. चार दिस तू इकत हुतीस तवा म्या गप ऱ्हायले. आज माझ्या हातात पळी हुती."

धाब्याच्या ओट्यावरून वीरप्पा खदखदून हसला. "काकू, येळवस संपून तीन म्हैनं होत आलं! असा धंदा केलात तर रसवाल्याला उद्याच बोलावतो."

"बोलाव की. त्यालाबी पाजते."

प्रयोग फसला की भांडं आपटायचं नसतं, त्यात काय उरलं ते बघायचं असतं, ही निकिताची जुनी सवय. ती बाकावर बसली आणि तिनं विचारलं, "आत्या, ट्रकवाले प्याले?"

"प्याले म्हंजी! आदी नाक मुरडलं. म्हनलं, टेका जरा, घोटभर तर घ्या. मग प्याले. एकानं तर आपली पान्याची बाटली रिकामी करून म्होरं केली. म्हनाला, भरके देव अम्मा."

"भरून दिलीत?"

"न्हाय. माठात उरलंच कुठं?"

निकिता पहिल्यांदा हसली. तिला हवं ते मिळालं होतं. चव आवडत होती. अडत होता तो फक्त पहिला घोट, आणि तो विकला जात नव्हता. सासूबाई तो सहज पाजत होत्या.

"आत्या, मी सांगते ते बघा पटतंय का. माठ तुमचा. हाक मारून घोटभर पाजायचं, पैशाचं नाव काढायचं नाही. बाटल्या माझ्या. मी त्या धुणार, भरणार, बर्फात ठेवणार. ज्याला वाटेत न्यायची असेल, तो माझ्याकडून विकत घेईल."

द्वारकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रानात कुनी बाटली भरून देत न्हाय," त्या म्हणाल्या. "बाटलीचं घे. माठाचं घेतलंस तर म्या घरी ऱ्हाईन."

"नाही घेणार."

दुसऱ्या दिवसापासून गाडीचे दोन भाग झाले. एका टोकाला माठ आणि द्वारकाबाईंचा खणखणीत आवाज. दुसऱ्या टोकाला बर्फाची पेटी आणि निकिता. पाटीवरचा भाव तिनं पुसून पेटीवर लिहिला. बाटली देताना ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची, "संध्याकाळच्या आत संपवा. ठेवली तर आत आंबत राहते, झाकण उडेल."

"कशाला सांगती? घाबरून घेनार न्हाईत," वीरप्पा म्हणाला.

"अण्णा, न सांगता एकाच्या केबिनमध्ये उडाली, तर तो परत थांबेल का?"

थांबायला लागले होते. एक ड्रायव्हर परतीच्या खेपेला उतरला तो थेट पेटीकडंच आला आणि मागच्या दोन गाड्यांसाठीही बाटल्या घेऊन गेला. गावचे लोकही येऊ लागले. पाटीला हसणारे ते, पण सोलापूरच्या पाहुण्यांसाठी बाटली नेताना त्यांना काही वाटत नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी रसवाला चरकाची गाडी घेऊन हजर झाला. लिंबाखाली त्याला पुढं सरकायला वाट मिळेना. तिथं ट्रकवाले उभे होते, आणि त्यांतले निम्मे आंबील पिऊन आता वीरप्पाच्या बाकांवर नाष्ट्याला बसत होते. वीरप्पानं आधी आपल्या बाकांकडं पाहिलं, मग निकिताकडं.

"बाबा, तू तिकडं पल्याड लाव," त्यानं रसवाल्याला सांगितलं. "चिंचंखाली सावली हाय. ही जागा सूनबाईची."

"पाडव्यापतूर म्हनला हुता न्हवं तुमी?" रसवाला कुरकुरला.

"गिऱ्हाईक जमलं तर बेस, असंबी म्हनलो हुतो."

निकितानं पेटीचं झाकण लावलं आणि बर्फ सांगायला फोन उचलला. उद्यापासून दुप्पट लागणार होता. रसवाला घाम पुसत चरक वळवू लागला, तोच माठाकडून हाक आली.

"आरं, उन्हाचा कुठं निघालास? टेक जरा. घोटभर आंबील पी, मग जा."