चतकोर गोळी

आमच्या टेकडीवर शेजारीण साखर मागायला येत नाही, अर्धी गोळी मागायला येते. संध्याकाळच्या चहाला पाव, लोणी, ठेचलेलं अवोकाडो आणि गल्लीभरच्या बातम्या, आणि माझ्या टेबलावर बिस्किटांचा एक निळा डबा. बिस्किटं त्यात कधीच नव्हती. डॉक्टरांनी मला झोपेसाठी लिहून दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. भूकंपाचा धक्का बसला, कुणाकडे मयत झालं, कुणाचा जावई पळून गेला, की डबा उघडायचा. पावाच्या सुरीनं गोळीचे दोन तुकडे. "घे गं, जीव शांत होईल." नऊ वर्षं मी ही सेवा केली. वर पुण्य जमतंय, असंच वाटायचं.

मी शाळांचे गणवेश शिवते. नवरा उत्तरेकडे तांब्याच्या खाणीत असतो, महिन्यातून एकदा येतो आणि येतो तेव्हा झोपतो. घरात मी आणि सोळा वर्षांची यास्ना.

जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी यास्ना दप्तर पाठीला लावून उंबऱ्यातच बसली. वर्गापुढं उभं राहून बोलायचं होतं तिला. ओठ पांढरे, हात छातीवर.

"आई, श्वास आत जातच नाहीये."

मग मी काय केलं? आमच्या टेकडीनं मला शिकवलं होतं तेच. अर्धीची अर्धी केली आणि ती चतकोर गोळी गरम काढ्याबरोबर तिला दिली. दुपारी पोरगी परत आली ती तोंडावर गार पाणी मारल्यासारखी ताजी.

"आई, आज पहिल्यांदा डोक्यातला आवाज बंद होता."

"बघ! सांगत होते ना?" म्हटलं आणि मशीनवर बसले. कुठला आवाज, हे विचारायचं राहून गेलं. चाळीस बाह्या शिवायच्या होत्या.

पुढं सप्टेंबरात, आमच्याकडच्या वसंतात, पट्ट्या लवकर संपायला लागल्या. माझा संशय गेला तो एदेल्मिरावर. ही माझी शेजारीण. यास्नाच्या बाप्तिस्म्यात ती तिची धर्ममाता झाली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतो. म्हणजे बहिणीपेक्षा जवळची, आणि म्हणून भांडायला मोकळी.

"कोमाद्रे," मी पावाला लोणी लावत म्हटलं, "उंदीर झालेत माझ्या घरात. गोळ्या खाणारे."

"मग मांजर पाळ."

"आणि उंदीर दोन पायांचा असला तर?"

एदेल्मिरानं कप खाली ठेवला. "नोएमी, मी मागून खाते. तोंड वर करून मागते. चोरायची वेळ आली ना, तर तुझ्या भिकार डब्यात नाही हात घालणार, थेट औषधाचं दुकान फोडीन." शाल उचलली आणि गेली.

यास्ना समोरच बसली होती. पावाचे बारीक बारीक तुकडे करत होती, खात नव्हती. मला ते दिसलं. दिसलं आणि मी कप विसळायला घेतले.

तीन आठवड्यांनी शाळेतून बोलावणं आलं. यास्ना प्रयोगशाळेत बाकावर डोकं टेकून झोपली होती आणि हलवूनही लवकर उठेना. तिच्या कंपासपेटीत चांदीच्या कागदात गुंडाळलेले गोळ्यांचे सहा चतकोर सापडले. आणखी दोन तिनं परीक्षेआधी मैत्रिणींना दिले होते. पर्यवेक्षिका बाईंनी ते कागद उलगडून माझ्यापुढं ठेवले. कापलेल्या कडा सरळ, चुरा न पडलेल्या. तुकडे तिनं केले होते, पण हाताचं वळण माझं होतं.

"आठवड्याभरात दवाखान्याचा कागद आणा," बाई म्हणाल्या. "चोरलेल्या गोळ्या वाटल्या असतील, तर शाळेला तिला ठेवता येणार नाही."

टेकडीच्या पायऱ्या चढताना मी म्हटलं, "दुसऱ्यांच्या लेकरांना गोळ्या वाटतेस?"

"फ्लोरेन्सिया रडत होती. थरथर कापत होती."

"म्हणून गोळी?"

"तू एदेल्मिरा मावशीला काय देतेस मग? चॉकलेट?"

चिडून बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. पण ती लहान मुलाला समजवावं तशी बोलली. गल्लीतला लंगडा कुत्रा आमच्या पुढं पुढं चढत होता, जणू आम्हाला घर ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या दवाखान्यात मनाच्या दुखण्यांचं बेल्त्रान नावाचा एक तरुण बघतो. त्याच्या स्वेटरला कोपरावर भोक होतं. तो तोंड उघडायच्या आत मी ते मनातल्या मनात रफू करून टाकलं.

"यास्ना, गोळ्या कुठून मिळाल्या?"

"चोरल्या. आईच्या डब्यातून. आईला काही माहीत नव्हतं."

"किती दिवस झाले?"

"दोन आठवडे."

ठासून खोटं. माझ्याकडे बघतही नव्हती. पोर मला वाचवत होती. आणि खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. टेकडीवर माझं नाव राहणार होतं, माझी गोळ्यांची चिठ्ठी, माझी झोप राहणार होती. जाणार होती ती फक्त तिची शाळा.

बेल्त्राननं पेन बाजूला ठेवलं. "मी रागवायला विचारत नाहीये. रोजची सवय झाली असेल, तर ही गोळी एकदम थांबवून चालत नाही, झटके येऊ शकतात. डॉक्टर ती थोडी थोडी उतरवतील. पण त्यांना खरा आकडा लागतो. खोट्या आकड्यावर उतरवली, तर भोगणार ही."

खिडकीबाहेर गॅसवाला सिलिंडर वाजवत गेला. 

"पहिली मी दिली," मी म्हटलं. "जुलैत. माझ्या हातानं कापून. आणि मी स्वतः रोज घेते. डॉक्टरांनी एका महिन्यासाठी लिहिली होती, तीच चिठ्ठी नऊ वर्षं चालवतेय."

यास्नानं मान वळवली. "रोज?"

"रोज."

"मला वाटायचं, मला एकटीलाच लागते."

मग तिनं खरा आकडा सांगितला. सप्टेंबरपासून रोज एक अख्खी, परीक्षेच्या दिवशी दीड. मी तो ऐकला, आणि जुलैत विचारायचं ते नोव्हेंबरात विचारलं.

"कुठला आवाज गं, यास्ना?"

ती नखं बघत राहिली. "तू कुणालाच नको आहेस, असं म्हणतो. डोळे उघडायच्या आधीच सुरू होतो. गोळी घेतली की झोपतो. पण हल्ली उठतो ना, तेव्हा आधीपेक्षा मोठ्यानं बोलतो."

"मरून जावंसं वाटतं?" बेल्त्राननं सरळ विचारलं. त्याचा आवाज हलला नाही.

"मरावं असं नाही. उठू नये असं."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला आणि शेजारच्या खोलीतून डॉक्टर बाईंना बोलावून आणलं. दुपार तिथंच गेली. ठरलं ते असं: गोळ्या दवाखान्यात राहणार, दर मंगळवारी आठवड्यापुरत्या मिळणार, दोघींच्या दोन पाकिटांत, दर खेपेला किंचित कमी. आणि यास्नानं बेल्त्रानशी तासभर बोलायचं, मी बाहेर बाकावर बसायचं. शाळेला कागद गेला. त्यात चोरी हा शब्द नव्हता, माझं नाव होतं. शाळेनं यास्नाला ठेवलं.

मग मी गरम पाव घेऊन एदेल्मिराच्या दारात गेले.

"सापडला उंदीर?" ती जाळीच्या आडूनच म्हणाली.

"सापडला. मीच होते."

तिनं पाव घेतला, मला आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र चहाच्या वेळेला येऊन आपल्या खुर्चीत बसली, काही झालंच नव्हतं अशी.

डिसेंबरची गोष्ट. गोळी उतरत होती म्हणून माझे हात थरथरायचे, सुईत दोरा यास्ना ओवून द्यायची. चहा ओतला तेवढ्यात कप किणकिणायला लागले. दिवा झुलला, कुत्री भुंकली. धक्का काही मोठा नव्हता, पण माझा आणि एदेल्मिराचा हात एकदम निळ्या डब्यावर पडला. झाकण एदेल्मिरानं काढलं.

"अगं, यात तर बटणं आहेत!"

"गणवेशाची."

"मग काय बटण गिळू, नोएमी? इथं छाती फुटायला आलीय माझी. दे ना गं अर्धी!"

"नाही देणार," मी म्हटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. उपाशी माणसाला दारातून परत पाठवावं तसं वाटलं.

यास्नाचाही हात छातीवर होता. दुसऱ्या हातानं तिनं टेबलाची कड धरली होती. "मावशी," ती म्हणाली, "कसं होतंय ते सांगा ना."

"काय सांगायचं त्यात? धडधडतंय."

"माझंही."

"माझंही," मी म्हटलं.

दिवा झुलायचा थांबला. मग एदेल्मिरा कपाकडे बघत म्हणाली, "मोठा भूकंप झाला ना, तेव्हापासून मी बूट घालून झोपते."

नऊ वर्षं अर्ध्या अर्ध्या गोळ्या हातावर ठेवल्या हिच्या, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"कुठले बूट?" यास्नानं विचारलं. "ते जांभळे?"

"जांभळे कशाला? ते चांगले आहेत. जुने."

यास्ना हसली. एदेल्मिराला आधी राग आला, मग तीही हसली. चहा गार झाला होता. मी परत आधण ठेवलं.